बारा लाख चाळीस हजार आणि माणमधली विहीर

एप्रिल २०२४. रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील बोलत होते. खुशाली विचारून झाली आणि ते एकदम म्हणाले, "मॅडम, पोरगी लाखाची नोकरी सोडून वढ्यावगळीनं फिराय निघालीय. माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकती. तुमीच काय ते सांगा."

मी पुण्यात भूशास्त्र शिकवते. निकाल लागला की "आता पुढे काय" हा प्रश्न घेऊन मुलं येतातच. पण हा प्रश्न पाच वर्षं नोकरी केलेल्या मुलीचा होता, आणि तो जास्त अवघड असतो. नुकत्याच पास झालेल्या मुलाकडे सोडण्यासारखं काही नसतं. हिच्याकडे होतं.

पगार, वाढ आणि आवड यांचा मेळ कसा घालायचा यावर सल्ले भरपूर मिळतात, पण एखादीचा हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत मांडलेला क्वचित बघायला मिळतो. म्हणून तिच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. तिचं, कंपनीचं, संस्थेचं नाव देत नाही. आकडे मात्र देते.

तिचं घर माण तालुक्यात. सातारा जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. सहा एकर जिरायत, एक जुनी बेचाळीस फुटी विहीर, चार शेळ्या, दोन म्हशी. ती एम.एस्सी. करत होती तेव्हाच २०१८-१९ चा दुष्काळ पडला. विहीर जानेवारीतच तळाला गेली. वडिलांनी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ धरून बांधाबांधाने फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथे बोअरची गाडी लावली. चारशे फूट गेले, नुसता फुफाटा उडाला. चार महिन्यांनी दुसरं, साडेचारशे फूट. तेही कोरडं. पैसे पतसंस्थेचे. दुसऱ्या बोअरच्या वेळी ती घरीच होती आणि नको म्हणाली होती. "तू अजून शिकतीयास," एवढंच उत्तर मिळालं.

भूशास्त्रात तिचं मन कुठे अडकलं ते या दोन बोअरांवरून कळावं.

२०१९ मध्ये एम.एस्सी. झाली आणि घरी पैशांची निकड होती. पुण्यातल्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीत साडेसोळा हजारांवर लागली. परदेशी टेलिफोन कंपनीच्या केबलचे नकाशे संगणकावर काढायचे, तेही रात्रपाळीत. करोनाच्या काळात खोलीवर बसून तिने पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा शिकून घेतल्या. २०२२ मध्ये, भरती जोरात होती तेव्हा, एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट झाली. २०२४ मध्ये पॅकेज होतं बारा लाख चाळीस हजार.

आणि त्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी समोर आल्या. कंपनीने टीम लीड करायचं ठरवलं, पॅकेज साडेपंधरा लाख. आणि दुष्काळी पट्ट्यात भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेने भूजलतज्ज्ञाची जागा देऊ केली. तीन वर्षांचा प्रकल्प, महिना चाळीस हजार.

पुढच्या शनिवारी ती माझ्या घरी आली. दोन्ही पत्रं तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मी आधी पाठकोरा कागद घेतला. मन काय म्हणतं हे नंतर विचारता येतं. घरात महिन्याला किती लागतात हे आधी विचारावं, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेत राहतं.

बारा लाख चाळीस हजार भागिले बारा म्हणजे एक लाख तीन हजार. वडील "लाखाची नोकरी" म्हणतात ती ही. त्यातले एक लाख चोवीस हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षातून एकदा आणि कंपनीला वाटेल तेवढे. साठ हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ. चोवीस हजार ग्रॅच्युइटी, जी सलग पाच वर्षं भरल्याशिवाय सहसा हाती पडत नाही, आणि हिची झाली होती दोन. बारा हजार विम्याचे. उरले दहा लाख वीस हजार, महिन्याला पंच्याऐंशी हजार. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ पाच हजार, व्यवसाय कर दोनशे, आयकर सव्वापाच हजारांच्या आसपास. खात्यात पडत होते चौऱ्याहत्तर हजार सहाशे.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. खात्यात काय जमा होतं ते दर महिन्याला दिसतच होतं. पण निर्णय घेताना ती "बारा लाख की चार लाख ऐंशी हजार" अशी तुलना करत होती, आणि त्या तुलनेत दुसरी बाजू पहिल्याच फटक्यात हरते. खरी तुलना चौऱ्याहत्तर हजार सहाशे आणि एकोणचाळीस हजार आठशे यांची. फरक पस्तीस हजारांचा. मोठाच आहे, पण घाबरून डोळे मिटावेत असा नाही.

मग खर्च लिहिला. पुण्यात खोलीचा वाटा, जेवण, जाणंयेणं मिळून सव्वीस हजार. घरी पंधरा हजार. धाकट्या भावाचं वसतिगृह सहा. पतसंस्थेचा हप्ता साडेनऊ. आवर्ती ठेव दहा. उरलेले आठ हजार कुठे जातात ते तिलाही सांगता येईना.

कर्जाची बाकी होती दोन लाख चाळीस हजार. कोरड्या गेलेल्या दोन बोअरांची.

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूला आम्ही एक वेगळा आकडा काढला. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहिली तर तिला किमान किती लागतील? राहणं-खाणं चौदा हजार, घरी पंधरा, भाऊ सहा, विमा दीड. साडेछत्तीस हजार. हप्ता धरला तर शेचाळीस हजार. म्हणजे संस्थेचा पगार कर्जासकट पुरत नव्हता आणि कर्जाशिवाय पुरत होता. इतके दिवस घरात "लाख सोडायचे की नाही" यावर वाद चालला होता. अडचण खरी होती ती दोन लाख चाळीस हजारांची.

तरी मी तिला त्या दिवशी तिसराच रस्ता सुचवला, आणि आग्रहाने सुचवला. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा असते. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात 'सायंटिस्ट बी' म्हणून घेतात. सातव्या वेतन आयोगाचा दहावा स्तर, मूळ वेतन ५६,१००. त्या वर्षी महागाई भत्ता पन्नास टक्के झाला होता, म्हणजे दोन्ही मिळून चौऱ्याऐंशी हजारांवर, वर घरभाडं. पेन्शनची कपात आणि कर वजा केला तरी तिच्या तेव्हाच्या हातातल्या पगाराच्या तोडीस तोड, आणि तेही स्वतःच्या विषयात. वयाची अट बत्तीस. ती सत्तावीसची. पगार, बढती, आवड, सगळं एकाच जागी. मला तर यात शंकाच वाटत नव्हती.

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, जागा किती निघतात ते तुम्हाला माहितीय. पूर्व परीक्षा फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये, मग मुलाखत. नोकरी सांभाळून दीड वर्ष तरी अभ्यास. झालं तरी पोस्टिंग देशात कुठेही. मला आमच्या भागातलं पाणी कळून घ्यायचंय."

मी बराच वेळ वाद घातला. नंतर माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी बोलतच नव्हते. मी स्वतः सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आहे. तासावर पैसे, मे महिन्यात काहीच नाही, जूनमध्ये नेमणुकीचं पत्र येईल का याची धाकधूक. त्या वर्षांनी 'कायम' हा शब्द माझ्या लेखी फार मोठा करून ठेवला आहे. तिच्या घरात त्या शब्दाला तेवढं वजन नव्हतं. ज्यांचं सगळं पावसावर असतं त्यांना कायमचं असं काही असतं यावर फारसा विश्वास नसतो. सल्ला देणारा आपलीच जुनी जखम समोरच्याच्या पायाला बांधतो, आणि पालक म्हणून, शिक्षक म्हणून आपण हे फार वेळा करतो. परीक्षा वाईट नव्हती. आजही मी मुलांना त्या परीक्षेबद्दल सांगते. हिच्यासाठी तो रस्ता नव्हता, एवढंच.

राहिली आवड. इथे मी तिला एकच काम सांगितलं. मे महिन्यात दहा दिवस रजा घे आणि हे काम करणाऱ्या माणसांबरोबर फिर. मे महिन्यातच. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माणदेश कुणालाही आवडतो.

ओळखीच्या एका चमूबरोबर ती गेली. पावसाळ्यापूर्वीची विहिरींची पातळी मोजायचं काम चाललं होतं. दोन दिवस मीही गेले. ते दोन दिवस जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत तिथे बनलं.

पातळी मोजायची म्हणजे टेपच्या टोकाला वजन लावून ती विहिरीत सोडायची, वजन पाण्याला टेकल्याचा 'टप्प' आवाज आला की आकडा वाचायचा. मोजणी नेहमी एका ठरलेल्या बिंदूपासून करतात, बहुतेक कठड्यावरून. मग कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं. पहिल्या दिवशी तिने सात विहिरी केल्या. दुपारी दोनला बाभळीच्या सावलीत भाकरी सोडली आणि ती वही उघडून बसली. एकदम म्हणाली, "पहिल्या तिन्ही विहिरींचा कठडा मी मोजलाच नाही."

चमूतला अनुभवी मुलगा म्हणाला, "अंदाजे पाऊण मीटर धर. सगळे कठडे तेवढेच असतात."

तिने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली, गाडीची किल्ली मागितली आणि तीन गावं मागे जाऊन तीन कठडे मोजून आली. दीड तास लागला. ऊन असं की टेपच्या धातूला हात लावता येत नव्हता. आल्यावर म्हणाली, "एक कठडा एक मीटर दहा होता. चुकलंच असतं."

मी वडिलांना जे सांगितलं ते या दीड तासावर सांगितलं. भूशास्त्र आवडतं असं म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. डोंगर, दगड, कातळातले स्फटिक कुणाला आवडत नाहीत! कुणी बघत नसताना, कंटाळवाण्या कामातली बारीक चूक दुरुस्त केल्याशिवाय घास गिळत नाही, ही आवड वेगळ्या जातीची असते. कंपनीच्या अहवालातली अशी चूक दिसली तर ती परत गेली असती का, असं मी विचारलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "केली असती दुरुस्त. पण जेवून."

दुसऱ्या दिवशी एका विहिरीच्या काठावर आठ-दहा शेतकरी जमले होते. तिने विहिरीच्या आतल्या भिंतीकडे बोट दाखवून थर सांगायला सुरुवात केली. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, खाली काळा पाषाण, मध्ये एक तांबडा पट्टा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभाग अशा लाव्हाच्या थरांचा आहे. यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या भागात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि भेगांमध्ये. गाळाच्या वाळूत शंभर घागरी जागा भिजली तर पंधरा-सोळा घागरी पाणी निघतं, या खडकात जेमतेम दोन. तिने हे घागरींतच सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, "मग खाली चारशे फुटात काय हाय?" ती म्हणाली, "आमच्या रानात दोनदा बघितलं, आजोबा. काय न्हाई." सगळे तिच्याकडे बघत राहिले. आमच्या वर्गात तिने कधी इतकं छान उत्तर दिलं नव्हतं.

तिने त्यांना कायद्याचंही सांगितलं, की राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर किंवा त्याहून जास्त खोलीची विहीर म्हणजे 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी तशी विहीर घ्यायला बंदी आहे. चारशे फूट म्हणजे त्याच्या दुप्पट.

सगळंच गोड नव्हतं. मुक्काम ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, स्वच्छतागृहाला कडी नाही, रात्री एकटीला बाहेर जायची चोरी. पाण्याची बाटली असूनही ती दिवसभर पाणी पीत नव्हती, कारण पुढची सोय कुठे होईल याचा भरवसा नव्हता. क्षेत्रकाम करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे माहीत असतं आणि कुठल्याच जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. तिने दहा दिवस तासातासाची नोंद ठेवली होती. त्यात असं दिसलं की तिला सगळ्यात जास्त आवडली ती संध्याकाळ. दिवसभराचे आकडे संगणकात भरून नकाशावर मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच नकाशा गावाला दाखवायचा. प्रकल्पाचे इंग्रजी अहवाल लिहायचा तिला तिटकारा आला. आणि मोटारसायकलवर सलग तीन तास बसलं की पाठ धरते, हेही कळलं. हे सगळं निर्णयाआधी कळलं हे फार बरं झालं.

वाढीबद्दल माझं आणि तिचं बोलणं तुटक तुटक होत राहिलं. कंपनीतली वाढ स्पष्ट होती: लीड, मग मॅनेजर. पण लीड झाल्यावर तिचं काम काय असणार, असं विचारलं तेव्हा कळलं की पाच जणांच्या वेळेचे तक्ते, ग्राहकाबरोबरच्या रात्रीच्या बैठका आणि परदेशातल्या दुकानांच्या विक्रीचे तेच आलेख. हातातली वाढ सतरा-अठरा हजारांची, आणि नोटीस साठवरून नव्वद दिवसांवर जाणार. पुढे कधी बाहेर पडायचं असेल तर दार आणखी जड होणार होतं.

संस्थेतल्या वाढीबद्दल मी तिला खोटी आशा दाखवली नाही. या क्षेत्रातला पैसा प्रकल्पाबरोबर येतो आणि प्रकल्पाबरोबर जातो. अटल भूजल योजनेचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली, सहा हजार कोटींची, सात राज्यांत, त्यात महाराष्ट्रातले तेरा जिल्हे. कितीतरी तरुण भूवैज्ञानिकांना त्यातून कंत्राटी काम मिळालं. पण योजना पाच वर्षांची. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत कायम जागा असतात, पण जाहिरात निघेल तेव्हा निघेल. अशा क्षेत्रात माणसाची वाढ पदाने होत नाही, तो आणखी कुणाकुणाला उपयोगी पडेल यावर होते.

आणि नेमकं इथे तिच्या नोकरीतल्या पाच वर्षांचं मोल कळलं. त्या चमूकडे आठ वर्षांच्या विहिरींच्या नोंदी होत्या. अर्ध्या वह्यांत, अर्ध्या एक्सेलमध्ये. एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी टाइप केलेलं, काही नोंदी फुटांत, काही मीटरमध्ये. खडक जाणणारी माणसं तिथे होती, आकड्यांची ही गुंतवळ सोडवणारं कुणी नव्हतं. "वाया गेलेली" म्हणून ती ज्या वर्षांकडे बघत होती त्यांनीच तिला त्या क्षेत्रात दुर्मीळ केलं होतं. २०१९ मध्ये ती थेट आली असती तर वीस हजारांवर आली असती आणि अशा पंधरा जणांतली एक असती.

घरातली आणखी एक बाजू टाळता येत नाही. आईला स्थळांची काळजी होती. पॅकेज विचारणारी स्थळं येत होती, आणि "संस्थेत काम करते" म्हटल्यावर बोलणं पुढे सरकेल का, ही आईची भीती अगदी खरी होती. मी आईंना काही समजवायला गेले नाही. तिनेच एका रात्री आईशी काय बोलायचं ते बोलून घेतलं. ते त्या दोघींचं आहे.

जूनमध्ये निर्णय झाला. लीडची जागा नाकारायची, आहे त्या पदावर राहायचं, आणि कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडायची नाही. अंदाजे नऊ महिने. आवर्ती ठेव थांबवायची, त्या कुठे जातात न कळणाऱ्या आठ हजारांतून दोन वाचवायचे, आणि हप्त्याशिवाय महिना बारा हजार मुद्दलात भरायचे. आधीच्या ठेवीतले एक लाख साठ हजार मात्र कर्जात घालायचे नाहीत. ते चार महिन्यांच्या खर्चाचे, प्रकल्प बंद पडला तर लागतील म्हणून.

संस्थेने नऊ महिने थांबायला नकार दिला. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या प्रकल्पाचं घड्याळ सुरू झालं होतं. जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या संध्याकाळी ती फोनवर रडली. "हातातलं सोडलं नाही, आणि हवं होतं तेही गेलं," म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीच तर कर्ज आधी फेड म्हणाले होते. दोन-तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही.

मग तिने स्वतःच एक गोष्ट केली. मे महिन्यातल्या चमूला विचारून ती दर शनिवारी त्यांच्या जुन्या नोंदी साफ करू लागली, पैसे न घेता. फुकट काम करण्याच्या मी विरोधात आहे, विशेषतः मुलींनी. तिला तसं स्पष्ट सांगितलंही. तिने डिसेंबरपर्यंत अशी मुदत घातली आणि पाळली. तोवर आठ वर्षांच्या नोंदी एका नकाशावर आल्या होत्या, आणि तो नकाशा जिथे जिथे दाखवला गेला तिथे तिथे तिचं नाव पोचलं.

फेब्रुवारी २०२५ च्या पगारात व्हेरिएबल आलं, सत्तर टक्के. कर जाऊन त्र्याहत्तर हजार. त्यातून कर्जाची शेवटची बाकी भरली. वडील पतसंस्थेतून बेबाकी दाखला घेऊन आले आणि त्यांनी तो देवघरात ठेवला. व्हेरिएबल खात्यात पडेपर्यंत तिने राजीनाम्याचा शब्दही काढला नव्हता, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. बऱ्याच कंपन्यांत त्या दिवशी नोकरीत असलेल्यालाच ते मिळतं.

एक मार्चला राजीनामा, साठ दिवसांची नोटीस. तोवर भूजलावरच काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेकडून बोलावणं आलं होतं. मुलाखतीत तिने त्यांना विचारलेले प्रश्न मला फार आवडले. प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे? त्यानंतर माझा पगार कुठून येईल? मुक्कामाला दुसरी बाई बरोबर असेल का, आणि स्वच्छतागृहाची खात्री कोण करणार? गोळा केलेले आकडे गावाला परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नावर समोरचे गृहस्थ थोडे थांबले, म्हणाली. पगार ठरला शेचाळीस हजार. पीएफ वगैरे जाऊन हातात चव्वेचाळीस. साडेछत्तीसचा खर्च गेला की साडेसात उरतात. पूर्वी अठरा उरत होते. घरासाठी पैसे साठवणं लांबलं आहे, मैत्रिणींनी घेतलेले फ्लॅट बघून तिला वाईट वाटतं, आणि ती ते लपवत नाही. निधी २०२८ पर्यंत आहे. पुढचं माहीत नाही.

पाच मे २०२५ ला ती रुजू झाली. त्या मे महिन्यात पावसाने सगळ्यांचीच गणितं चुकवली. मुंबईत मान्सून २६ मेलाच पोचला आणि त्याआधीच माण, फलटण भाग झोडपून निघाला होता. तिच्या यादीतल्या अकरा विहिरी मोजायच्या राहिल्या होत्या, तेवढ्यात त्यांत पाणी आलं. पावसाळ्यापूर्वीची पातळी म्हणून ते आकडे निरुपयोगी. तिने ते तरीही घेतले आणि वहीत लाल शाईने "पावसानंतर" असं लिहून वेगळे ठेवले. मला पानाचा फोटो पाठवला होता.

सप्टेंबरमध्ये तिच्या वडिलांचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, काहीतरी तक्रार. "मॅडम, ती म्हंती तिसरं बोअर घ्यायचं न्हाई. हिरीतला गाळ काढा म्हंती. उन्हाळ्यात काढणार हाय." मग जरा थांबले. "आज मीच मोजली हिर. टेप ठिवून गेलीय ती. दोन मीटर चाळीस."

मी म्हटलं, "छान. भरलीय की."

"कठडा वजा करून सांगतोय," ते म्हणाले.